अण्णांच्या नावाचं फोल्डर

गेल्या जुलैत एका संध्याकाळी ठाण्याच्या पाचपाखाडीत दोनदा वीज गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आमचा जुना कॉम्प्युटर काही सुरू झाला नाही. मदरबोर्ड गेला होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क बाहेर काढली आणि म्हणाला, "डिस्क चांगली आहे काकू. नव्या मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून लावून देतो." अण्णा शेजारी उभे होते. ते बोलले काहीच नाहीत. त्याच्या हातातली डिस्क मागून घेतली आणि तो केबल शोधेपर्यंत दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

अण्णा माझे सासरे. वय ७९. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. तिथल्या एका कारखान्यात अण्णा १९६७ साली फिटर म्हणून लागले, २००४ साली टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. तेव्हा आमचं घर चरईतल्या चाळीत होतं, तळमजल्यावर. २६ जुलै २००५च्या पावसात घरात पाणी शिरलं आणि पलंगाखालच्या ट्रंकेतले फोटो भिजले. काही एकमेकांना चिकटले, काहींचा रंग ओघळला. अण्णांनी ते वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवले आणि त्याच वर्षी दिवाळीला स्कॅनर घरी आणला. त्यानंतर कितीतरी वर्षं, दुपारचा चहा झाला की ते स्कॅन करायला बसायचे. चाळीतली लग्नं, तलावपाळीवरच्या संध्याकाळी, राजापूरच्या भावाची आंतर्देशीय पत्रं. कारखान्यातली खंडेनवमी तर वर्षागणिक आहे: लेथला झेंडूची माळ, ड्रिलिंग मशीनवर हळदकुंकू, मागे नवे शर्ट घालून उभे असलेले कामगार.

प्रत्येक फोटोला नाव दिलेलं आहे, आणि ही नावं आईंनी सांगितलेली आहेत, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. कोण कुणाची आत्या, कुणाच्या बारशाला कोण आलं होतं, कोणती साडी कुणी नेसली होती, हे अण्णांना आठवत नाही. आई स्वयंपाकघरातून कणीक मळता मळता सांगायच्या आणि अण्णा दोन बोटांनी टाइप करायचे. आईंनी स्वतः माउसला कधी हात लावला नाही.

हे सगळं आता नव्या मशीनच्या आत होतं, आणि घरातल्या प्रत्येकाला ते आपापल्या लॅपटॉपवरून बघता यावं असं मी ठरवलं. मी हिशेबाच्या कामातली बाई. माझं ऑफिसही वागळे इस्टेटमध्येच आहे, जिथे पूर्वी कारखाने होते तिथल्या एका काचेच्या इमारतीत. तिथे एखादं फोल्डर उघडलं नाही तर मी आयटीला फोन लावते आणि दहा मिनिटांत ते उघडतं. घरी फोन कुणाला लावणार? मीच बसले.

पहिल्या संध्याकाळी लेकीच्या लॅपटॉपवर नवा कॉम्प्युटर दिसेचना. त्याच आठवड्यात इंटरनेटवाल्याने राउटर बदलला होता. विंडोजच्या लेखी ते एक अनोळखी नेटवर्क होतं, आणि अनोळखी नेटवर्कला ते आधी 'पब्लिक' धरतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वायफाय असावं तसं. त्यात आपलं मशीन दुसऱ्यांना दिसू द्यायचं नाही असा नियम असतो. दोन्हीकडे 'प्रायव्हेट' केलं, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल शेअरिंग चालू केलं, तेव्हा नाव दिसू लागलं.

मग पासवर्ड विचारला. नव्या मशीनवर लेकीचंही खातं होतं, तिने त्याचा चार आकडी पिन टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. याच्यात अर्धा तास गेला, म्हणून सांगून ठेवते: पिन हा फक्त त्या एका मशीनपुरता असतो, त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी. नेटवर्कवरून आत यायचं तर खात्याचा खरा पासवर्डच लागतो. रोज पिनवर काम करून तो पासवर्ड आपण विसरलेले असतो, तसा तीही विसरली होती. तो बदलला. पासवर्ड टाकला, फोल्डर दिसलं. लेकीने त्यावर डबल क्लिक केलं, आणि 'तुम्हाला परवानगी नाही' असा निरोप आला.

आपण शेअर केलेलं फोल्डर, आपल्याच घरात, आपलीच मुलगी, आणि परवानगी नाही. रात्री साडेअकराला मी त्या खिडकीकडे बघत बसले होते.

यातली मेख समजायला मला दोन दिवस लागले. एका फोल्डरवर दोन वेगवेगळ्या परवानग्या असतात. प्रॉपर्टीज उघडलं की 'शेअरिंग'चा टॅब वेगळा आणि 'सिक्युरिटी'चा वेगळा. शेअरिंगची परवानगी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. बाहेरून, नेटवर्कवरून येणाऱ्यालाच तो अडवतो. सिक्युरिटीची परवानगी म्हणजे फ्लॅटच्या दाराचं कुलूप. ती डिस्कवरच लिहिलेली असते. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर जी एनटीएफएस नावाची रचना आली तिच्यातली, आणि बाहेरून या की त्याच मशीनवर बसा, ती लागू असतेच. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ठिकाणी होकार मिळावा लागतो. एकाने होकार दिला आणि दुसऱ्याने नाही, तर नाहीच. मी वॉचमनला सांगून ठेवलं होतं, सगळ्यांना सोड. दाराचं कुलूप बघितलंच नव्हतं.

त्या कुलपाची किल्ली फक्त माझ्याकडे होती. नव्या मशीनवर पहिल्यांदा अण्णांचं फोल्डर उघडलं तेव्हा 'परवानगी नाही, कायमची मिळवायची तर कंटिन्यू दाबा' असं आलं होतं आणि मी ते दाबलं होतं. तेव्हा विंडोजने त्या यादीत माझं नाव घातलं. माझं एकटीचं.

आता सोपा उपाय समोर होता. सिक्युरिटीच्या यादीत 'एव्हरीवन' असं लिहायचं, त्याच्यापुढे 'फुल कंट्रोल'वर खूण करायची, ओके. शोधायला गेलं की निम्म्या लोकांचा सल्ला हाच असतो. काही त्याच्याही पुढे जाऊन पासवर्डच काढून टाका म्हणतात, किंवा एसएमबीची, म्हणजे विंडोज नेटवर्कवरून फायली देतं त्या पद्धतीची, जुनी, पहिली आवृत्ती चालू करा म्हणतात. ती मी केली नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, इस्पितळांपासून कारखान्यांपर्यंत फायली कुलूपबंद करून खंडणी मागत गेला, तो त्याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. त्यानंतर विंडोज ती आवृत्ती मुळातच बंद ठेवू लागलं. कुणीतरी जगाच्या अनुभवाने बंद केलेलं दार एका रात्रीच्या सोयीसाठी उघडायचं नाही, एवढं मला कळत होतं.

पण 'एव्हरीवन' मात्र मी केलं. घरातलेच तर आहेत, असं म्हणून केलं. सगळं चालू झालं आणि मी झोपले.

चौथ्या दिवशी धाकट्याने शाळेच्या प्रकल्पासाठी फोटो काढायला घेतले. विषय होता आपलं ठाणे. त्याला दिसलं की प्रत्येक फोटोशेजारी एक कोऱ्या पिवळट कागदाचं स्कॅन आहे. चुकून झालं असेल, जागा अडवतंय, असं समजून त्याने ते एकेक करून पुसले. मदत म्हणून पुसले. ते फोटोंचे मागचे भाग होते. अण्णा प्रत्येक फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करतात, कारण मागे पेन्सिलने तारीख असते, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी 'ति. बाबांस' असं लिहिलेलं असतं. लहान चित्रात ती फिकी पेन्सिल दिसत नाही.

आपल्याच मशीनवर पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते. नेटवर्कवरून, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसून पुसलेली फाइल जात नाही. ती गेलीच. एकूण ६४ होत्या. ५५ फोटो अजून ट्रंकेत आहेत, ते पुन्हा स्कॅन झाले. उरलेले नऊ त्या पुरात भिजलेले होते, स्कॅन करून झाल्यावर त्यांचा लगदा झाला होता. त्यांच्या मागे काय लिहिलं होतं ते आता कुठेही नाही.

धाकटा रडला. अण्णांनी त्याला जवळ घेऊन एवढंच विचारलं, "तुला पेन्सिल दिसली नाही ना?" आणि तो विषय त्यांच्याकडून संपला. माझ्याकडून संपला नव्हता. ज्याला फोटो फक्त बघायचे होते त्याच्या हातात मी पुसायचा अधिकार दिला होता, कारण मला चार नावं वेगवेगळी लिहायचा कंटाळा आला होता. तेरा वर्षांच्या मुलाकडून काय झालं हे मला बोलायचंच नाही. 'एव्हरीवन' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर घरातलं एकही माणूस नव्हतं.

त्या रविवारी सकाळी मी अण्णांना शेजारी खुर्ची घेऊन बसवलं आणि मुळापासून सुरुवात केली. सिक्युरिटीच्या टॅबवर 'ॲडव्हान्स्ड' दाबलं. वर एक ओळ असते, 'ओनर'. म्हणजे या फोल्डरचा मालक. तिथे अण्णांचं नाव नव्हतं. 'अकाउंट अननोन' असं लिहिलं होतं आणि पुढे कंसात एक लांबच लांब आकडा, एस-१-५-२१ने सुरू होणारा आणि १००१ने संपणारा.

"हे काय?" अण्णांनी चष्मा सरकवला.

"हा तुमचा नंबर, अण्णा. जुन्या मशीनमधला."

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. खातं उघडलं की ते एक क्रमांक देतं, आणि कुलपांवरच्या सगळ्या याद्यांमध्ये तोच लिहितं. आपल्याला पडद्यावर जे नाव दिसतं ते त्या क्रमांकाचं भाषांतर असतं, आणि ते भाषांतर ज्या मशीनने क्रमांक दिला त्याच्याचकडे असतं. ते मशीन जुलैत गेलं. आता नव्या मशीनवर अगदी त्याच नावाचं, त्याच स्पेलिंगचं खातं उघडलं तरी त्याला नवा क्रमांक मिळणार, आणि डिस्कवरचा जुना क्रमांक त्याला ओळख देणार नाही. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला मिळत नाही. मला वाटलं होतं हे समजावून सांगायला वेळ लागेल.

"म्हणजे टोकन नंबर," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे गेटवर बिल्ला दाखवायला लागायचा. मी फोरमन झालो तरी टाइम ऑफिसला माझं नाव माहीत नव्हतं, नंबर माहीत होता. आणि माणूस सोडून गेला की त्याचा नंबर आमच्याकडे दुसऱ्याला देत नसत. हिशेबात घोळ होतो." मग टेबलावरची पेन्सिल घेऊन त्यांनी तो सगळा आकडा आपल्या डायरीत उतरवून घेतला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

मला मात्र वेगळंच आठवत होतं. दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून तो अंगठा लावून डिजिटल देता येतो, त्याला जीवन प्रमाण म्हणतात. अण्णांच्या बोटांच्या रेषा ३७ वर्षांच्या फाइलिंगने आणि कूलंटने झिजल्या आहेत. एका बँकेत काउंटरवरच्या मुलीने पाच वेळा त्यांचा अंगठा पुसून यंत्रावर ठेवला होता आणि पाचही वेळा यंत्र नाही म्हणालं होतं. अण्णा तिच्यासमोर उभे होते, आणि त्यांच्या हयातीचा पुरावा मिळत नव्हता. आता चेहरा दाखवून दाखला निघतो, मी घरीच मोबाइलवर काढते. पण त्या दिवशी बँकेच्या पायऱ्या उतरताना ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते, ते मी विसरलेले नाही. आणि इथे तेच पुन्हा. स्वतः जमवलेल्या फोल्डरसमोर मालक बसलेला, आणि पडद्यावर 'अननोन'.

ओनरच्या ओळीपुढे 'चेंज' असतं. ते दाबून मी माझं नाव टाकू शकत होते. तीच रूढ रीत आहे, 'टेक ओनरशिप' म्हणतात तिला, आणि बिघडलेलं काम पुढे न्यायला ती पुरते. बोट माउसवर होतं. पण तिथे मालक म्हणून माझं नाव उमटणं मला पटेना. या घरात आले तेव्हा यातले बहुतेक फोटो काढून झाले होते. खंडेनवमीच्या त्या माळा ज्यांनी ओवल्या त्यातल्या कुणाला मी भेटलेले नाही. अधिकार ॲडमिन म्हणून माझ्याकडे होता, म्हणून ते माझं होत नव्हतं.

"अण्णा, तुमचं खातं उघडूया. मालक तुम्हीच राहा."

"पासवर्ड लागेल?"

लागतो. जुन्या मशीनवर त्यांना पासवर्ड नव्हता, बटण दाबलं की थेट आत. पण रिकाम्या पासवर्डचं खातं नेटवर्कवरून आत येऊच शकत नाही, विंडोज ते मुळातच अडवतं. विंडोज ७मध्ये होमग्रुप नावाची सोय होती, सगळ्या घराला मिळून एकच पासवर्ड, आणि तो कागदावर लिहून आम्ही फ्रिजवर लावला होता. ती सोय २०१८मध्ये विंडोज १०मधून काढून टाकली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. चाळीत दारं दिवसभर उघडी असायची असं आम्ही सगळेच सांगतो, आणि ते खरं आहे. कुणीही कुणाच्याही घरात शिरून साखर मागायचं. पण त्याच खोलीत आजेसासूबाईंची ट्रंक होती, तिला पितळी कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला असायची. दार उघडं आणि ट्रंक बंद, यात कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं. ट्रंक कुणी उघडायची हे त्या ठरवत. लेकीला उघडू देत, धाकट्या सुनेला दागिने सोडून बाकी सगळं.

अण्णांनी पासवर्ड ठरवला. मी मान फिरवली आणि त्यांनी तो दोन बोटांनी टाकला. मग ओनरमध्ये त्यांचं नाव घातलं आणि 'आतल्या सगळ्या फोल्डरना लागू करा' या चौकटीत खूण केली. हजारो फायली एकामागून एक पडद्यावरून सरकत गेल्या. आम्ही दोघं बघत होतो. पाच-सात मिनिटांनी थांबलं, आणि ओनरच्या ओळीत अण्णांचं नाव आलं.

तरी काही फायली उघडेनात. कारण शोधताना एक गोष्ट कळली. मी काही फोटो 'कट' करून त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले होते. एकाच डिस्कवर हलवलेली फाइल आपल्या जुन्या जागेच्या परवानग्या सोबत नेते. 'कॉपी' केलेली फाइल नव्या जागेच्या घेते. हे वाचल्यावर मी जरा वेळ थांबले. मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं, डोंबिवलीहून मी इथे आले तेव्हाचं. माझ्या सवयी माहेरच्या होत्या आणि घर सासरचं, आणि काही दारं मला उघडत नव्हती, ती का हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आईंनी ती एकेक करून उघडून दिली. त्या फायलींना नव्या फोल्डरच्या परवानग्या लागू करायला एक खूण पुरली.

मग यादी. अण्णांना फुल कंट्रोल. मला मॉडिफाय, म्हणजे बदलता येईल, पण परवानग्या कुणाच्या असाव्यात ते मी ठरवायचं नाही. लेकीला आणि नवऱ्याला वाचायची परवानगी. वॉचमनला, म्हणजे शेअरिंगच्या टॅबवर, सैल सोडलं, आणि अटी सगळ्या दाराच्या कुलपावर लिहिल्या. दोन्हीकडे वेगवेगळ्या अटी लिहिल्या की सहा महिन्यांनी कुणाला काय दिलंय ते आपल्यालाच उलगडत नाही.

धाकट्याचं नाव आलं तेव्हा नवरा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "त्याला डिनाय टाक सरळ. पुन्हा प्रश्नच नको." डिनाय म्हणजे स्पष्ट नकार. तो होकाराच्या वर चढतो, दुसऱ्या कुठल्याही गटातून होकार मिळाला असला तरी. वापरायला सोपा आणि सोडवायला कठीण, एखाद्या गटावर चुकून पडला तर आपण स्वतःच बाहेर राहतो. पण मी तो टाकला नाही याचं कारण तांत्रिक नव्हतं. मुलाने चूक केली ती मदत करताना. घराच्या यादीत त्याच्या नावापुढे नकार लिहून ठेवायचा मला अधिकार नव्हता. त्याच्यापुढे 'रीड' लिहिलं, ताईच्या पुढे लिहिलं तेच. तो मागून म्हणाला, "आई, मला बघायलाच हवेत." 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' या टॅबवर एखाद्याचं नाव घातलं की त्याला प्रत्यक्षात काय काय करता येईल ते दिसतं. त्याच्या नावाने ते बघितलं: बघता येईल, पुसता येणार नाही. त्यानेही वाकून बघितलं.

त्याच दुपारी डिस्कची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

संध्याकाळी लेकीने तिच्या खोलीतून हाक मारली, उघडलं. मी अण्णांना सांगितलं, झालं. ते उठले नाहीत.

"यादी वाचून दाखव."

मी वाचली. तुमचं, माझं, ह्यांचं, दोन्ही मुलांचं.

"हिचं नाव नाही?"

आई दारातच उभ्या होत्या, हातात ताक घुसळायची रवी. "मला काय करायचंय त्यात," त्या म्हणाल्या. "मी कधी हात तरी लावते का?"

"नावं सगळी तू सांगितलीस," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तिलाही खातं उघड. आणि माझ्यापुढे लिहिलंस तेच तिच्यापुढे."

मी उघडलं. आईंनी रवी टेबलाच्या कडेला ठेवली, पदराला हात पुसले आणि खुर्चीवर बसल्या. पासवर्ड म्हणजे काय, तो का लागतो, हे मी सांगितलं. कुणाला सांगायचा नाही, हेही.

"कुणालाच?"

"कुणालाच, आई."

त्यांनी थोडा विचार केला. मग अण्णांकडे बघितलं. अण्णा उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.